उलारचे सात बाप

दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यामधल्या वळणावर एक फळी अडकली होती. फळीच्या खालच्या टोकाला एक माणूस होता आणि वरच्या टोकाला मी. हातात बाबांच्या इंजेक्शनची चिठ्ठी, पायात अर्धवट चढवलेले बूट, आणि डोक्यात राग.

"जरा बाजूला घ्याल का?" मी म्हणाले.

"कुठे घेऊ? भिंतीत?"

"मला खाली जायचंय."

"हिला वर जायचंय. तुमच्या दोघींच्या भांडणात मी पडत नाही." त्याने खालून मान वर केली. भुवयांवर भुसा, कपाळावर घाम, आणि नोव्हेंबरच्या त्या थंडीत अंगात नुसता बनियन. "एक करा. तुमच्याकडचं टोक कठड्याच्या वर उचला... आणखी... आता स्वतःकडे ओढा. हळू, हळू! अक्रोड आहे, जावयासारखा सांभाळायचा."

फळी सुटली. मी भिंतीला चिकटून उभी राहिले, आणि ती लांबलचक फळी माझ्या नाकासमोरून सरकत वर गेली. तिच्यामागून तो गेला. जाताना त्याच्या अंगाचा वास आला - लाकडाचा आणि सरसाचा.

"कितव्या मजल्यावर?" मी विचारलं.

"चौथ्या."

"म्हणजे ती ठोकठोक तुमची!"

"आणि सकाळी सहाला माझ्या डोक्यावर चालणारी शिलाई मशीन तुमची." तो हसला. "बरं झालं भेटलात. मला वाटायचं, वर कोणी म्हातारी राहते."

मी काहीतरी झणझणीत बोलणार होते. पण बाबांना सकाळपासून श्वास पुरत नव्हता. मी पळाले.

बाबांविषयी आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. माझे बाबा, सातीबाल्दी, तीस वर्षं घाटांतून ट्रक चालवत होते. त्या ट्रकच्या धुराने आणि त्यांच्या सिगारेटींनी मिळून त्यांची फुफ्फुसं खाल्ली होती. डॉक्टरांनी घरी पाठवलं होतं. घरी न्या असं डॉक्टर कधी म्हणतात ते बिश्केकमध्ये सगळ्यांना माहीत आहे. आई नव्हती, भाऊ नव्हता, बहीण नव्हती. कुळाची माणसं दूर आत्-बाशीच्या डोंगरात, आणि हिवाळ्यात तिथून वेळेवर कोण पोचणार? दोन खोल्यांत ते आणि मी. आडवं झालं की ते गुदमरायचे. म्हणून मी त्यांच्या पाठीशी गोधड्यांच्या गुंडाळ्या लावायचे, आणि ते तासाभरात त्यांवरून घसरून खाली यायचे. मग पुन्हा उचलायचं. सव्वीस वर्षांच्या माझ्या पाठीचं धिरडं झालं होतं.

मरणाची बाबांना भीती नव्हती. भीती वेगळीच होती, आणि ती ते रोज सूप पिताना बोलून दाखवायचे.

"माझ्या दाराशी काठी घेऊन कोण उभं राहील, साल्कीन? तळमजल्यावरचा वास्का?"

आमच्या किर्गिझ लोकांत माणूस गेला की इमारतीपुढच्या अंगणात लोकरीचा तंबू उभारतात. तंबूत मयत, भोवती रडणाऱ्या बायका. बाहेर दाराशी मुलगे, भाऊ, पुतणे. कमरेला पट्टा, हातात काठी, आणि काठीवर रेलून मोठ्याने आक्रोश. जावयांना तिथे जागा नाही. त्यांनी लाकडं फोडायची, पाणी भरायचं, चहाचे समोवार तापवायचे. ज्याच्या दाराशी रक्ताचं कोणीच उभं नाही, त्याच्याकडे येणारे लोक नजर चुकवून येतात. बाबांनी असे दोन तंबू पाहिले होते. ते त्यांना झोपेतही दिसायचे.

दुसऱ्या दिवशी मी चौथ्या मजल्यावर भांडायला गेले. खरं म्हणजे भांडण हा बहाणा होता, हे आता कबूल करायला काय हरकत आहे!

दार उघडंच होतं. एकच खोली. खाट नाही, कपाट नाही. खोलीभर एक जाड ओटा. त्यावर दिवसा काम, रात्री त्यावरच गादी. पलंगाएवढ्या बाल्कनीत छतापर्यंत फळ्या. आंघोळीच्या टबात वाळुंजाच्या लवचिक काठ्या भिजत पडलेल्या - पाळण्याच्या कमानींसाठी.

"मग तुम्ही आंघोळ कुठे करता?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"काठ्या वाकल्या की." तो रंधा थांबवून म्हणाला. "आज शुक्रवार ना... मंगळवारपर्यंत जरा लांबूनच बोला."

त्याचं नाव उलार. यंत्रं तो वापरत नव्हता. शेजाऱ्यांनी तक्रारी करून ती बंद पाडली होती. करवत, रंधा, पटाशी, आणि दोन हात. पेट्या, गोल बैठी मेजं, स्टुलं, पाळणे. आणि सगळं असं बनवलेलं, की खुंट्या काढल्या की सुटं व्हावं. आमच्या जिन्यातून आख्खं काहीच खाली जात नाही.

मी बाबांचं सांगितलं. का सांगितलं कोण जाणे. गोधड्या, घसरणं, माझी पाठ. तो ऐकत राहिला. मग टेप घेऊन माझ्यामागून वर आला, बाबांना सलाम केला, आणि मापं घ्यायला लागला... माझी.

"पलंग त्यांच्यासाठी आहे," मी म्हणाले.

"झोपणार ते. उचलणार तुम्ही. उंची तुमची लागते. हात खाली सोडा. सैल... इतका सैल नको, मला मोजायचाय, धरायचा नाहीये."

"आणि धरलात तर?"

"तर माप चुकेल." त्याचे कान लाल झाले होते. टेपचं टोक माझ्या मनगटाशी होतं, आणि त्याची बोटं तिथे मापाला लागतो त्याहून जास्त वेळ थांबली.

भिंतीकडे तोंड करून बसलेले बाबा खोकले. तो खोकला आजाराचा नव्हता.

पलंग व्हायला अकरा दिवस लागले. कामावरून आले की मी खाली जायचे. पाठीचा भाग वर-खाली होणारा हवा होता, पाच खाचांचा, म्हणजे बाबांना हवं तसं बसता येईल. मी फळी धरायची, तो कापायचा. रंध्यातून लाकडाचे पातळ पापुद्रे गोल गोल होऊन पडत. एकदा माझ्या केसांत एक अडकला.

"थांब," तो म्हणाला. तुम्हीचं तू कधी झालं, आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. "हलू नकोस..."

त्याने तो पापुद्रा काढला. मग दुसरा काढला. मग तिसरा, जो नव्हताच.

"उलार, तुझं गाव कुठलं?" मी विचारलं. काहीतरी विचारायलाच हवं होतं, नाहीतर मी तिथेच रडले असते. किती दिवसांत मला कोणी इतक्या हळू हात लावला नव्हता.

"बालगृह नंबर दोन," तो म्हणाला. "पोत्यात गुंडाळून पायरीवर ठेवलं होतं म्हणे. नाव तिथल्या नर्सने दिलं, आडनाव तिथल्या शिपायाचं. सुतारकामही त्यानेच शिकवलं. म्हणजे शिपाई माझा बाप, असं धरून चाल."

तो हसत होता. मला हसू आलं नाही, कारण पुढे काय वाढून ठेवलंय ते मला दिसत होतं. किर्गिझ माणसाला सात पिढ्यांच्या बापांची नावं यावीच लागतात. ती नाहीत तर तो कोण, कुणाचा? आणि आपल्याच कुळातल्या मुलीशी त्याने लग्न लावलं तर? सात पिढ्यांच्या आत सगळी भावंडं. बाबा असल्या माणसाला मुलगी देणं शक्यच नव्हतं.

आणि बाबांना तो आवडला होता. पलंग वर आला, पाच खुंट्या ठोकल्या, बाबा टेकून बसले आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा त्यांना खिडकीतून अंगण दिसलं. बराच वेळ ते नुसते पाहत राहिले. उलार गेल्यावर म्हणाले, "पोरगं बरं आहे. कुणाचं आहे? उद्या विचारतो."

मी जिना चार उड्यांत उतरले.

"सात नावं पाठ कर!"

"माझ्याकडे एक नाही, तू सात मागतेस."

"कुठूनतरी आण. सुतार आहेस ना? जोड की!"

 त्याने कोपऱ्यातल्या जुन्या पेटीकडे बोट दाखवलं. बाजारातल्या एका जुनेपुराणे विकणाऱ्याने ती दुरुस्तीला दिली होती. झाकणाच्या आतून कुणीतरी आपल्या मुलासाठी पेन्सिलीने नावं लिहून ठेवली होती. सर्दार, मोल्दोकुल, आबील, बायतुर, जानिझाक, कुदाक, तोगोल. बरोब्बर सात.

मी त्याच पेटीवर बसले आणि त्याच्याकडून पाठ करून घेतलं. एक नाव बरोबर आलं की एक बक्षीस, असं ठरलं. सातव्या नावापर्यंत पोचायला बराच वेळ लागला. तोगोलपर्यंत आलो तेव्हा आम्ही दोघंही हसत होतो, आणि मी आयुष्यात तितकी सुखात कधीच नव्हते.

एकच गोष्ट मी केली नाही. ती नावं माझ्या नावांशी ताडून पाहिली नाहीत. लहानपणी बाबांनी मलाही सात शिकवली होती. पण मुलगी ती, एकदा परक्या घरी गेली की कोण विचारतंय म्हणून मी ती आळसाने विसरले होते. मला चारच येत होती.

दुसऱ्या दिवशी बाबांनी त्याला समोर बसवलं. चहा झाला. मी दाराशी उभी.

"बोल बाळा. कुणाचा?"

"अक्साकाल, मी सर्दारचा मुलगा," उलार, वडीलधाऱ्यांना म्हणतात तसं, अदबीने म्हणाला. "सर्दार मोल्दोकुलचा. मोल्दोकुल आबीलचा. आबील बायतुरचा. बायतुर जानिझाकचा..."

"थांब." बाबा पुढे झुकले. "कुठला जानिझाक?"

उलारने माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनी म्हटलं, पुढे बोल.

"जानिझाक कुदाकचा. कुदाक तोगोलचा."

बाबांच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून मी धावले. मला वाटलं, गेले. ते रडत होते. "अरे, जानिझाकला दोन मुलगे! थोरला बायतुर, धाकटा चोमोय! चोमोयचा तोक्तोनाली, त्याचा आसेक, आणि आसेकचा मी! अरे पोरा... तू माझा पुतण्या!" त्यांनी उलारचं डोकं दोन्ही हातांनी धरलं आणि हुंगलं, आपण लहान मुलांना हुंगतो तसं. "सर्दार इकडे शहरात आला आणि उपासमारीच्या वर्षांत कुठे मेला कळलंच नाही. त्याला पोर झालं असं ऐकलं होतं. तू बालगृहात वाढलास? वाढणारच! कोण होतं तुला?"

सगळं त्यांनी स्वतःच जुळवलं. आम्ही एक शब्द बोललो नाही.

"साल्कीन," बाबा म्हणाले, "माझ्या दाराशी उभं राहणारा आला गं."

त्या संध्याकाळी जिन्याच्या त्याच वळणावर उलारने मला गाठलं. "मी उद्या खरं सांगतो. पेटीवरची नावं आहेत म्हणून सांगतो. हाकलतील, हाकलू दे."

आणि मी त्याला थांबवलं. हे स्पष्ट सांगते, म्हणजे कोणी त्याला दोष देऊ नये. मी म्हणाले, "त्यांना सुखाने जाऊ दे. थोडेच दिवस राहिलेत. मग सगळ्यांना सांगू."

"आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत... लांबून बोल," मी म्हणाले. हसायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

बाबा आणखी एकोणीस दिवस जगले. उलार रोज वर यायचा. त्यांना भरवायचा, दाढी करायचा, पाठीची खाच बदलायचा. बाबा त्याला कुळाच्या गोष्टी सांगायचे. कोणता आजा कोणत्या घोड्यावरून पडला, कोणी कुणाची गुरं पळवली. तो मान खाली घालून ऐकायचा. सुरुवातीला शरमेने. मग, मी पाहत होते ना, मग तो प्रश्न विचारायला लागला. "आणि आबीलला भाऊ किती होते, काका?" अक्साकालचा काका झाला होता.

एकदा बाबा माझ्यासमोरच त्याला म्हणाले, "हिला चांगलं स्थळ बघ हं. आता तुझ्यावर आहे."

"बघतो," उलार म्हणाला आणि पटकन उठून खिडकी लावायला गेला. खिडकी लावलेलीच होती.

बाबा एका दुपारी गेले. टेकून बसल्या बसल्या, अंगणाकडे बघत. त्यांना खाली नेताना वळणावर सगळे अडले, आणि कसं वळवायचं ते उलारनेच सांगितलं.

तंबू उभा राहिला. आत्-बाशीहून आठ तास बर्फातून कुळाची माणसं आली. सगळ्यांत वडील ओमुरझाक काका, बाबांचे चुलतभाऊ. बाबांनी फोनवर सगळं कळवलं होतं, म्हणून त्यांनी आल्या आल्या विचारलं, "सर्दारचा मुलगा कोणता?" आणि स्वतःच्या कमरेचा पट्टा सोडून उलारच्या कमरेला बांधला.

आम्ही बायका तंबूत भिंतीकडे तोंड करून बसतो. बाहेरचं दिसत नाही, ऐकू मात्र येतं. लोक येऊ लागले तसा दाराशी आवाज उठला. "बाबा! माझे बाबा हो!" मी तो आवाज ओळखला. माणूस नाटक करताना असा रडत नाही. एकोणतीस वर्षांचं सगळं रडणं त्याने तिथे काढलं. मी भिंतीकडे तोंड करून रडत होते, आणि त्यातलं किती बाबांसाठी होतं आणि किती त्याच्यासाठी, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

येणाऱ्या कोणीही नजर चुकवली नाही. बाबांना जे हवं होतं ते मिळालं.

पुढचे चाळीस दिवस लांब होते. लोक मला म्हणायचे, "नशीबवान आहेस, भाऊ सापडला." उलारला आत्-बाशीहून फोन यायचे. एक बुर्मा आत्या होती, सर्दारची थोरली बहीण. तिने त्याला लोकरीचे मोजे विणून पाठवले. मी खाली गेले तेव्हा तो ते घालून ओट्यावर बसला होता आणि पायांकडे बघत होता.

"मला कोणी कधी विणून काही पाठवलं नव्हतं," तो म्हणाला. मग एकदम, "साल्कीन... आणि खरंच असलं तर? मी खरंच सर्दारचा असलो तर?"

"पेटीवरून वाचलंस तू ते!"

"माहीत आहे." त्याने मोजे काढले, घडी करून बाजूला ठेवले. "चाळिसाव्याच्या जेवणाला सांगतो. सगळ्यांसमोर. हाकलू दे मला. फक्त तुझ्यासकट हाकलू दे."

तेव्हा त्याने माझा हात धरला. माप न घेता. मी त्याच्या खांद्यावर डोकं टेकून म्हणाले, "मला तू हवास. नुसता तू. बिनबापाचा." हे मी मनापासून म्हणाले होते. अजूनही ते खरं आहे.

चाळिसावा दिवस आला. घरात माणसं मावेनात. मी पहाटेपासून कणकेचे बोरसोक तळत होते. जेवणं झाली, कुराण वाचून झालं, आणि ओमुरझाक काकांनी पिशवीतून एक जाड वही काढली. कुळाची वही. त्यांच्या आज्याने सुरू केलेली. त्यांनी पान उघडून उलारच्या मांडीवर ठेवलं.

"वाच."

पानावर फांद्या काढल्या होत्या. तोगोलपासून खाली. सर्दारच्या नावाखाली आजवर एक रिकामी रेघ होती. तिच्यावर आता निळ्या शाईने लिहिलं होतं: उलार. शाई नवी होती. त्याने त्यावर बोट ठेवलं. 

मी चहाचा प्याला घेऊन दारात उभी होते. आमचं ठरलं होतं. वही मिटायच्या आत तो बोलणार.

तो उठला. खरंच उठला. "मला तुम्हा सगळ्यांना काही सांगायचंय," म्हणाला.

 त्याच्याशेजारी बसलेल्या बुर्मा आत्याने त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. एवढीशी म्हातारी, डोळ्यांनी अर्धवट आंधळी. ती म्हणाली, "बोल, बाळा. माझ्या सर्दारसारखाच उभा राहतोस रे तू."

त्याने माझ्याकडे पाहिलं. तो बोलणार होता. मला शंका नाही, कधीच नव्हती. तोंड उघडलं होतं त्याने. आणि मला दिसलं, की तो बोलला की त्या म्हातारीचा हात सुटेल. वहीतल्या नावावर रेघ ओढली जाईल. बाबांच्या दाराशी एक परका, खोटारडा उभा होता असं आत्-बाशीत वर्षानुवर्षं बोललं जाईल. आणि त्याच्याकडे उरेन एकटी मी. मला सात बाप होते, तीन विसरून, चार आठवून का होईना, होते. त्याला या चाळीस दिवसांपलीकडे काही नव्हतं, आणि ते तो माझ्यासाठी फेकायला निघाला होता. त्याला ते फेकताना मला बघवेना. एवढंच. त्यागबिग काही मनात नव्हतं, नुसतं बघवेना.

मी पुढे झाले. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"दादा, आधी चहा घे. मग बोल."

त्याचा चेहरा मी सांगू शकत नाही. तो तसाच उभा राहिला. मग हळूहळू खाली बसला.

"काय सांगणार होतास रे?" ओमुरझाक काकांनी विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला. "काकांची आठवण आली."

सगळ्या बायका हळहळल्या. बुर्मा आत्या त्याच्या पाठीवरून हात फिरवू लागली.

मी प्याला पुढे केला. त्याने तो दोन्ही हातांनी घेतला, अगदी खालून, बुडाला धरून, माझ्या बोटांना त्याचं बोट लागणार नाही अशा बेताने.